हवालदारतात्यांचा पाय आणि माझी ठोकापेटी

मी एका माणसाला त्याच्याच गावात, मारुतीच्या देवळासमोर, माईकवरून सांगितलं की तुमचा पाय तालात पडत नाही. पाय बरोबर पडत होता. मी बनवलेली पेटी उशिरा वाजत होती. हे मला दोन महिन्यांनी समजलं, आणि समजल्यावरही मी तीन वर्षं गप्प राहिलो.

संपादकांनी मला 'तुमच्या धंद्यातले गमतीचे अनुभव लिहा' असं सांगितलं होतं. गमतीचेही आहेत, ते सांगतोच. पण हा एक आधी सांगून टाकला नाही, तर बाकीचे लिहिताना मी वाचकांना फसवतोय असं वाटत राहील. सुरेखा, म्हणजे माझी बायको, म्हणते की एसटीत कुणाच्या पायावर चुकून पाय पडला तरी मी घरी येऊन दोन दिवस जेवत नाही. तिचं म्हणणं थोडं वाढवून सांगितलेलं आहे. मी जेवतो. पण दोनदा वाढून घेत नाही.

कडेगावात एसटी स्टँडच्या मागे माझं दुकान आहे. पाटीवर 'रेडिओ, टेप, मिक्सर दुरुस्ती आणि साऊंड सर्व्हिस' असं लिहिलंय. त्यातला रेडिओ गेला, टेप गेला, मिक्सर आणि साऊंड राहिले. साऊंड म्हणजे लग्न, बारसं, सप्ताह, शाळेचा कार्यक्रम, कुठेही दोन स्पीकर आणि एक माईक घेऊन जायचं आणि कोपऱ्यात बसून बटणं फिरवायची. अशाच एका लग्नात ढोलकीवाला आला नाही. पेटीवर गाणारा एकटाच. पेटी म्हणजे हार्मोनियम. त्याचे दोन्ही हात त्यात गुंतलेले. बिचाऱ्यानं माझ्या वायरी ठेवायच्या रिकाम्या खोक्यावर टाच आपटायला सुरुवात केली. नेमका माझा एक माईक त्या खोक्याला टेकलेला होता. मांडवात असा काही 'धम्' घुमला की नवरदेवाच्या मामांनी पंगतीतून मान वर केली. मी माईक काढायला धावलो, तर गाणारा ओरडला, "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे! लय झ्याक वाजतंय!"

तिथून ही वस्तू सुरू झाली. आमच्याकडे तिला ठोकापेटी म्हणतात. पायपेटी म्हटलं की जुन्या माणसांना पायानं भाता मारायचं हार्मोनियम आठवतं, म्हणून ते नाव मी टाळलं.

ठोकापेटी दिसायला अगदीच साधी आहे. दीड वीत लांब, वीतभर रुंद, पुढे उतरती. पाट उताराला ठेवल्यासारखी दिसते. टाच जमिनीवर टेकवायची आणि चवड्यानं पेटीवर ठोका द्यायचा. आत पितळेची एक पातळ चकती असते, घड्याळाच्या गजरात असते तीच. घड्याळात तिला वीज दिली की ती वाजते. इथे उलटं करायचं. तिला धक्का दिला की ती चिमूटभर वीज देते, ती वायरीतून स्पीकरकडे जाते आणि जाड आवाजाचं बटण वर केलं की ढोल वाजल्यासारखं वाटतं. चकती कुठे चिकटवायची, यात सगळी मेख आहे. मधोमध चिकटवली तर आवाज घुमतो आणि स्पीकर शिटी मारायला लागतो. कडेला चिकटवली तर मुका होतो. कलिंगड घेताना माणूस जसा टिचकी मारत फिरतो, तसा मी फळीवर टिचक्या मारत ती जागा शोधतो. सुरेखा म्हणते, संसारात एवढं लक्ष दिलं असतं तर घराची ओल कधीच थांबली असती.

लाकूड मी शिरवळहून आणतो. तिथल्या कारखान्यांत यंत्रं ज्या खोक्यांतून येतात, त्या खोक्यांच्या फळ्या भंगारात मिळतात. हलकं, कोरडं, सरळ रेषांचं लाकूड. लोक त्याची चूल पेटवतात. मी ती चुलीजवळूनही उचलून आणतो.

गिऱ्हाईक म्हणजे एकटा गाणारा माणूस. आणि एकटा गाणारा माणूस, माफ करा, पण थोडा विक्षिप्त असतोच. त्याला साथीदार नको असतो किंवा साथीदाराला तो नको असतो. माझ्याकडे येताना तो आधी अर्धा तास आपल्या जुन्या ढोलकीवाल्याबद्दल बोलतो, घटस्फोट झालेला माणूस बोलतो तसा.

जयदीप हा त्यातला सगळ्यात गोड माणूस. मूळ साताऱ्याचा, तिशीतला. महाबळेश्वरच्या एका हॉटेलात पाहुणे जेवत असताना गिटारवर जुनी हिंदी गाणी म्हणतो. ठोकापेटी नेली आणि पहिल्याच पावसाळ्यात फोन आला.

"काका, माझ्या ड्रमरला सर्दी झालीय."

"म्हणजे?"

"घसा बसलाय त्याचा. भिजलेल्या गोणपाटावर काठी मारल्यासारखा बोलतोय."

महाबळेश्वरचा पाऊस काय असतो हे मला माहीत होतं, पण मी पेटी फक्त बाहेरून पॉलिश केली होती. जयदीपनं आपल्या परीनं उपाय केला. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर अंथरतात तो काळा प्लास्टिकचा कागद आणून त्यानं पेटी गच्च गुंडाळली. ओल बाहेरून आत येईना, पण आतली बाहेरही जाईना. माझ्याकडे आणली तेव्हा उघडून बघतो तर आत पांढरी शुभ्र बुरशी, मऊ, सशाच्या पाठीसारखी. जयदीप वाकून बघत म्हणाला, "काका, हॉटेलच्या मेनूत टाकू का? मशरूम म्हणून खपेल." तेव्हापासून माझी प्रत्येक पेटी आतूनही पॉलिश केलेली असते. ते कुणाला दिसत नाही. मला ठाऊक असतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा माजही आहे. दर जूनमध्ये पाहुणे आटले की जयदीप डोंगर उतरतो आणि पेटी तपासून न्यायला माझ्याकडे येतो. त्या भेटीचं पुढे काम आहे.

दुसऱ्या सांगलीच्या बाई. निवृत्त शिक्षिका, जैन घरातल्या, आणि गावात त्यांना नुसतं बाई म्हटलं तरी पुरतं. मंदिरात पेटीवर पदं म्हणतात. ठोकापेटी घ्यायला आल्या त्या चष्मा पुसतच.

"हे चिकटवलंय कशानं?"

"सरसानं, बाई."

"सरस कशाचा करतात?"

मला माहीत होतं. जनावरांच्या कातड्याचा आणि हाडांचा. मी सांगितलं.

"आणि पाय ठेवायच्या जागी हे काय लावलंय?"

"चामड्याचा तुकडा. पाय घसरू नये म्हणून."

बाईंनी निखाऱ्यावरून काढावा तसा पाय उचलला. "म्हणजे मी तोंडानं अहिंसेचं पद म्हणायचं आणि पायानं कातडं बडवायचं!"

मी पेटी परत घेतली. नवी बनवली ती साध्या पांढऱ्या गोंदानं आणि वर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा लावून. बाईंनी ती सगळीकडून बघितली आणि विचारलं, "खाली मुंगी आली तर?" मी म्हटलं, "बाई, पहिला ठोका हळू द्या. मुंगीला सूचना मिळेल." बाई म्हणाल्या, "माझ्या वर्गात असतास तर बाकावर उभा केला असता." तरी मी पेटीला खाली रबराचे उंच पाय लावून दिले.

बाईंशी मी खरं बोललो, कारण त्यांनी थेट विचारलं. मला थेट विचारलं की मी खरंच बोलतो. माझी अडचण अशी की हवालदारतात्यांनी मला काही विचारलंच नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

मारुतीतात्या आमच्या शेजारच्या गावचे. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. तिथे ते बँडमध्ये मोठा ढोल वाजवत. संचलनात सगळ्यांचा डावा पाय जमिनीवर पडतो, त्याच क्षणी मोठ्या ढोलावर टोला पडतो. तात्या म्हणत, पाय पडतो म्हणून टोला पडत नाही, टोला पडतो म्हणून पाय पडतात. त्यांच्या एका हातावर कितीतरी पलटणी चालल्या. निवृत्तीनंतर गावच्या शाळेत दर पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला ते गळ्यात ढोल अडकवून उभे राहत आणि पोरं त्यांच्या टोल्यावर मैदानाला वळसा घालत. बाकीचं वर्षभर देवळात पेटीवर भजन. ढोलकीला त्यांचा मेहुणा असायचा. तो मुलाकडे पुण्याला राहायला गेला आणि तात्या माझ्या दुकानात आले.

"दिन्या, मला बी एक पेटी कर. पर आवाज ढोलाचा पायजे. मोठ्या ढोलाचा."

"आवं तात्या, हिचा आवाज काय वाईट हाय?"

"वाईट न्हाई रं. पर कुणीतरी दारावर थाप मारतंय असं वाटतंय. भजनात देव दार उघडाय उठंल."

मी हौसेनं कामाला लागलो. बाजारात एक छोटं सर्किट मिळतं. त्यातल्या नखाएवढ्या कार्डावर आपण रेकॉर्ड केलेला आवाज भरून ठेवायचा. चकतीला ठोका बसला की तो आवाज वाजतो. शाळेतला ढोल बाहेर काढला, तात्यांनाच वाजवायला लावला, आणि मोबाईलवर रेकॉर्ड केला. काय टोला होता! खिडकीच्या काचा बोलल्या. मी घरी येऊन तो आवाज कापला आणि सर्किटमध्ये भरला.

चूक इथे झाली. कापताना टोल्याच्या आधीची थोडी शांतता आवाजाला चिकटून राहिली. थोडी म्हणजे डोळ्याची पापणी लवते त्याच्याही निम्मी. म्हणजे पाय पडला की सर्किट आधी ती शांतता वाजवणार आणि मग ढोल.

मला हे कळलं कसं नाही? आम्ही दुरुस्तीवाले वस्तू तपासतो ती एकदाच ठोकून. टॉर्च एकदा लावून बघतो, मिक्सर एकदा फिरवून बघतो. पेटीवर मी पाय मारला, 'धम्' झालं, मी खूश. एका ठोक्यात उशीर ऐकू येत नाही. उशीर ऐकू यायला ताल धरावा लागतो, ओळीनं वीस ठोके द्यावे लागतात. ते मी केलं नाही. मी गाणारा माणूस नाही हे खरं, पण ती काही सबब नाही.

हनुमान जयंतीला सकाळी जन्मकाळ झाला, सुंठवडा वाटला, आणि तात्या पेटीवर बसले. पायाशी नवी ठोकापेटी. साऊंड माझाच, मी खांबाजवळ बसलेला. पहिली ओळ दणक्यात निघाली. मग काहीतरी विचित्र सुरू झालं. ठोका जरा मागून आला, म्हणून तात्या त्याच्यासाठी जरा थांबले. तात्या थांबले म्हणून पाय उशिरा पडला, आणि पेटी त्याच्याही मागून वाजली. तात्या पुन्हा थांबले. अशी ती दोघं एकमेकांची वाट बघत बघत चालली, आणि चांगलं धावणारं भजन आधी चालायला लागलं, मग रांगायला लागलं. पुढे बसलेल्या बायका टाळ्या वाजवायच्या थांबल्या, कारण पुढची टाळी कधी ते कळेना. मागून कुणीतरी म्हणालं, "तात्या, महाप्रसादापतोर संपंल का?"

तात्यांनी गाणं थांबवलं. "दिन्या, ठोका मागनं येतोय रं."

सगळा गाव माझ्याकडे बघायला लागला. माझी नवी पेटी, माझा साऊंड, माझी पाटी देवळाच्या खांबाला लावलेली. मी माईक उचलला आणि हसत हसत म्हणालो, "तात्या, पेटी लाकडाची हाय, तिला काय कळतंय? पाय पडंल तवाच ती वाजती. पाय मागं ऱ्हातोय तुमचा. वय झालं की आता!"

सगळे हसले. मीही हसलो. तात्या हसले नाहीत. त्यांनी आपल्या उजव्या पायाकडे बघितलं, नवीन कुणी शेजारी येऊन बसलं की बघतात तसं. मग भाता बंद केला, "व्हय, असंल," म्हणाले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठोकापेटी माझ्या दुकानात पाठवून दिली. मी ती फळीवर ठेवली आणि स्वतःला समजावलं की म्हाताऱ्याला राग आलाय, जाईल.

जूनमध्ये जयदीप आला. त्याची पेटी मी तपासत होतो, तोवर त्यानं चाळा म्हणून तात्यांची पेटी स्पीकरला जोडली, स्टुलावर बसला आणि गिटारवर एक गाणं सुरू केलं. चार ओळींत थांबला.

"काका, हा ड्रमर झोपेतून उठून वाजवतोय."

"काय?"

"मी ठोकतो, तो आधी जांभई देतो आणि मग वाजतो. ऐका."

त्यानं ओळीनं ठोके दिले. मी डोळे मिटून ऐकलं. पाय, मग ढोल. पाय, मग ढोल. दोन वेगळे आवाज. बहिऱ्यालाही कळेल इतके वेगळे. मी कॉम्प्युटर उघडला, तो आवाज पडद्यावर आणला, आणि टोल्याच्या आधी ती सपाट रेघ दिसली. कापायला दहा मिनिटं लागली नाहीत. पुन्हा भरला. जयदीपनं ठोका दिला. पाय आणि ढोल एकाच जागी पडले.

"आता जागा झाला!" जयदीप म्हणाला. "कुणाचा आहे हा ड्रमर?"

"आहेत एक," मी म्हटलं.

त्याच दिवशी मी उठून तात्यांकडे जायला हवं होतं. सायकलवर वीस मिनिटांची वाट. मी गेलो नाही. आधी पाऊस होता. मग गणपती आले, मग दिवाळी. दर वेळी नवं कारण. खरं कारण एकच होतं. गावासमोर मी ज्या आवाजात बोललो होतो, तो आवाज मला परत गिळायचा नव्हता.

त्या ऑगस्टात शाळेतून निरोप आला की तात्या ढोल वाजवायला येत नाहीत, पाय दुखतो म्हणतात, तर तुम्ही बँडचं रेकॉर्ड लावाल का? मी लावलं. पोरं माझ्या स्पीकरवर चालली. रेकॉर्डला पोरं दिसत नाहीत. एखादं लहान पोर मागे राहिलं तर तात्या टोला किंचित लांबवून त्याला ओळीत घ्यायचे, हे माझ्या त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं. कारण त्या दिवशी ओळी तुटल्या आणि तुटलेल्याच राहिल्या. तात्या कंपाउंडच्या बाहेर, लिंबाखाली उभे राहून बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. वायरी गुंडाळायचं खूप काम असल्यासारखं दाखवलं. त्यानंतर प्रत्येक सव्वीस जानेवारीला आणि पंधरा ऑगस्टला मीच स्पीकर लावत राहिलो.

असं चालतच राहिलं असतं. पण यंदा उन्हाळ्यात शालनकाकी, म्हणजे तात्यांच्या पत्नी, मिक्सर घेऊन दुकानात आल्या. मिक्सरचं मागचं झाकण मी उघडत होतो आणि त्या बोलत होत्या.

"ह्यांचं काय कळंना बघ, दिनकर. सांगलीला नेऊन आणलं. पायाच्या शिरा तपासल्या, डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर म्हणतोय कायबी न्हाई, ठणठणीत हाय."

"मग चांगलंच की, काकी."

"चांगलं कुठलं? ह्यांना वाटतंय डॉक्टर आन् मी मिळून लपवतोय. म्हणत्यात, पाय डोक्याचं ऐकत न्हाई आता. रस्त्यानं चालताना मोजत्यात, एक दो, एक दो. मधीच थांबत्यात. मागं वळून बघत्यात, पाऊल कुठं पडलं म्हणून. पेटीला तर हात लावत न्हाईत."

माझ्या हातातला स्क्रू खाली पडला. तो मी बराच वेळ शोधला, कारण वर बघायचं नव्हतं. आणि तरीही, हे लिहिताना लाज वाटते, काकींना मी काही सांगितलं नाही. मिक्सर चालू करून दिला, एकदा फिरवून दाखवला, आणि त्या गेल्या.

आत सुरेखा भाजी निवडत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. पेटीची गोष्ट तिला पहिल्यापासून माहीत होती.

"मिक्सर केलासा," ती म्हणाली. "आता त्यो माणूस कवा करणार?"

"जातो उद्या."

"आज रातीला तुमी दोनदा वाढून घेणार असला तर उद्या जावा. न्हाईतर आत्ता जावा."

मी त्याच दुपारी गेलो. ठोकापेटी, बॅटरीवरचा लहान स्पीकर आणि जुन्या आवाजाचं कार्ड पिशवीत. तो आवाज मी वेगळ्या कार्डावर जपून ठेवला होता. का ठेवला होता ते विचारू नका. एखाद्या चोराला चोरलेली वस्तू ना विकवते ना टाकवते, तसं काहीतरी असावं.

तात्या अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मला बघून म्हणाले, "ये रं. मिक्सर वाजतोय चांगला. कांदा पळून जाईल असा वाजतोय."

मी स्पीकर जोडला आणि पेटी त्यांच्या पायाशी ठेवली. त्यांनी पाय मागे घेतला.

"नगं, दिन्या."

"तात्या, एकदाच. माझ्यासाठी. आधी ह्यो जुना आवाज. ओळीनं वीस ठोके द्या. मनात मोजा."

त्यांनी दिले. पाय, मग ढोल. कपाळाला आठ्या पडल्या. मी कार्ड बदललं.

"आता परत."

या वेळी पाय आणि ढोल एकदम पडले. तात्या पाचव्या ठोक्याला थांबले. मग पुन्हा सुरू केलं आणि थांबेचनात. शेंगांची सुपली हलायला लागली. अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. काकी दारात येऊन उभ्या राहिल्या.

तात्यांनी पाय थांबवला. "म्हंजे पाय माझा…"

"पाय बरोबर होता, तात्या. आवाज मी वाईट कापला होता. उशीर पेटीत होता."

"आन् तुला कवा कळलं?"

इथे त्यांनी मला थेट विचारलं होतं.

"त्याच वर्षी. जूनमध्ये."

त्यांनी बोटांवर मोजलं. लष्करी माणूस, मोजल्याशिवाय काही मान्य करणार नाही. तीन बोटं झाल्यावर त्यांनी हात गुडघ्यावर ठेवला. मला वाटलं आता मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

काकींनी हळूच विचारलं, "चा ठेवू का नगं?"

"ठेव," तात्या म्हणाले. "पर ह्याला बशी देऊ नगंस. तोंड पोळू दे."

चहा आला. मी बशीशिवाय प्यायलो, तोंड पोळलं. कप खाली ठेवून म्हणालो, "तात्या, माझं लय चुकलं…"

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "हितं कुणाला सांगतोस? हितं मी, ही आन् कोंबड्या. कोंबड्यांस्नी ठावच हुतं. तू हे माईकवर बोलला हुतास, गड्या. गावाला हसवलं हुतंस. मी त्या डॉक्टरापुढं एका पायावर उभा ऱ्हायलो, लहान पोरावानी, नाकाला बोट लाव म्हणाला तर बोट लावलं. तवा तू कुठं हुतास?"

मी रिकामा कप उचलून परत खाली ठेवला.

"पंधरा ऑगस्टला माईक कुणाचा हाय?"

"माझाच."

"मग तवा बोल. ढोल मी गळ्यात घालून ऱ्हातो हुबा. वाजवायचा का न्हाई, ते तुझं ऐकून ठरवतो."

पंधरा ऑगस्टला सकाळी मी सगळ्यांच्या आधी शाळेत गेलो. मुख्याध्यापिका बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "दोन मिनिटं देते. भाषण करू नका." झेंडावंदन झालं, राष्ट्रगीत झालं. पोरं ओळीत उभी. तात्या ओळींच्या शेवटी, इस्त्रीच्या कोटावर पदकं लावून, गळ्यात ढोल. दांडका हातात होता, पण हात खाली होता. कठड्यावर तेच सगळे बसले होते, जे त्या दिवशी देवळात हसले होते. मी माईक घेतला. तीस वर्षं मी माईक दुसऱ्यांच्या हातात देत आलो. स्वतःच्या हातात तो इतका जड लागेल असं वाटलं नव्हतं.

जे बोललो ते पुटपुटल्यासारखं बोललो. घाईत, मान खाली घालून. संपवून मान वर केली. तात्यांचा हात तसाच खाली.

मग मैदानाच्या त्या टोकाहून त्यांचा आवाज आला, कवायतीच्या मैदानावर यायचा तसा.

"मागं कायबी ऐकू आलं न्हाई रं, दिन्या! परत म्हण!"

कठड्यावर हसू फुटलं. मी मशीनकडे गेलो, आवाजाचं बटण वर केलं, आणि तात्यांकडे बघत पुन्हा म्हणालो,

"गावकऱ्यांनो, तीन वर्षांमागं हनुमान जयंतीला मी ह्याच माईकवर तात्यांचा पाय मागं ऱ्हातोय म्हणालो. ते खोटं हुतं. माझ्या पेटीत खोट हुती. ती मला त्याच साली सापडली, तरी मी तुमच्यापुढं आलो न्हाई, तात्यांपुढं बी गेलो न्हाई. तात्या, मला माझी पेटी वाचवायची हुती, म्हणून मी तुमच्या पायाला नाव ठेवलं. मी चुकलो. मला माफ करा."

तात्यांचा दांडका वर गेला, टोला पडला, आणि पोरांचा डावा पाय त्याच क्षणी जमिनीवर पडला.